उजवीकडची यादी

“इकडचं तिकडे वाजवायचं नाही आणि तिकडचं इकडे आणायचं नाही, आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट नीट सांभाळली,” असं ताई एकदा म्हणाल्या होत्या. म्हणताना त्या पियानोच्या मागे वाकून त्याचं अडलेलं चाक सोडवत होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा कोणाला दिसला नाही.

इकडे म्हणजे लग्नाचं दालन. तिकडे म्हणजे निरोपाचं दालन. वारलेल्या माणसाला तिथे तासभर ठेवतात, जवळची माणसं चार शब्द बोलतात, आणि मग मागच्या दारानं गाडी निघते. दोन्ही दालनं नगरपालिकेच्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. मधे एक लांब, खिडक्या नसलेली वाट. पालिकेनं पियानो एकच घेतला आणि त्याला चाकं लावली. सकाळी तो बहुधा तिकडे असे, दुपारी इकडे. ताई आणि शिपाई मिळून तो ढकलत. शिपाई पुढून ओढायचा, ताई मागून खांदा लावायच्या. मागचं डावं चाक कुरकुरायचं. त्या आवाजावरून कारकुनांना कळायचं की आता एक कार्यक्रम संपला आणि दुसरा लागणार.

कचेरीत त्यांना ‘दोन्हीकडच्या ताई’ म्हणत. लग्नात मुलाकडचे असतात, मुलीकडचे असतात, आमच्या ताई मात्र दोन्हीकडच्या, हा विनोद नोंदणी साहेबांनी तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा केला. तो त्यांनी पुढच्या साहेबांना नोकरीबरोबर सोपवला, आणि त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. ताई दर वेळी थोडं हसायच्या. न हसणाऱ्या बाईला माणसं जास्त प्रश्न विचारतात.

तो नियम त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केला. एका सकाळी एका शिंप्याचा निरोप होता. ताईंनी एक संथ, पायरी पायरीनं वर चढत जाणारी रचना वाजवली. त्याच दुपारी एक लग्न होतं, आणि नवऱ्या मुलीनं नेमकी तीच रचना निवडली होती. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. लय थोडी वाढवली की झालं. सुरांना कुठे माहीत असतं, ते कोणासाठी वाजताहेत?

दोन दालनांत रीतीचा फरक एवढाच. तिकडे पियानो सुरू झाला की उभं राहून मान खाली घालायची, इकडे बसल्या जागी दाराकडे वळून बघायचं. पण मुलीची मावशी त्या शिंप्याची शेजारीण होती आणि सकाळी तिकडेही येऊन गेली होती. पहिले सूर ऐकले आणि ती उठून उभी राहिली. तिनं मान खाली घातली. मोठी बाई उभी राहिली म्हटल्यावर तिच्या मागची दोघं उठली. मग ओळ उठली, मग दुसरी ओळ. इथे अशीच पद्धत असेल असं प्रत्येकाला वाटलं, आणि कोणी कोणाला विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा सगळं दालन मान खाली घालून उभं होतं, आणि त्या उभ्या माणसांमधून ती मुलगी बावीस पावलं चालत आली. नवरा मुलगा हसला. मुलगी हसली नाही. ती टेबलापर्यंत पोचली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

ताईंनी त्या संध्याकाळी एक तपकिरी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि तो पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. रेघेच्या डावीकडे लग्नाच्या रचना, उजवीकडे निरोपाच्या. डावीकडे एकेचाळीस नावं होती. नावं त्यांनी स्वतः ठेवलेली, कारण खरी नावं कोणाच्या तोंडी बसत नसत: जिना, टेकडी, होडी, पाळणा, घोडागाडी, सकाळचा बाजार. ‘जिना’ त्यांनी खोडला आणि उजवीकडे लिहिला. पहिलं नाव ते.

दर मंगळवारी दुपारी ज्यांची लग्नं ठरली आहेत ती जोडपी संगीत निवडायला येत. ताई त्यांना दोन खुर्च्यांवर बसवत आणि प्रत्येक रचनेचं तोंड तेवढं वाजवून दाखवत. मग सांगत, दारापासून टेबलापर्यंत बावीस पावलं आहेत, नवी चप्पल असेल तर सव्वीस धरा. सह्यांना चार मिनिटं, रडणारं कोणी असेल तर सहा. बहुतेकांना काही निवडायचं नसे. त्यांना फक्त निवडलं असं नंतर सांगता यायला हवं असे. एक पोरगा म्हणाला, बँकेला फोन केला की ‘कृपया थांबा’ म्हणतात आणि मागे जे वाजतं ना, ते हवं. ताईंनी ते वाजवलं. पोरगा खूश झाला. होणारी बायको म्हणाली, “आत्तापासूनच थांबा म्हणतोयस होय?” अशा वेळी ताईंना आपलं काम आवडत असे.

पण यादीला एक रोग होता. नावं डावीकडून उजवीकडे जात. उलट कधीच येत नसत. वीस वर्षांपूर्वी इकडे लग्न लागलेला माणूस टोपी हातात घेऊन तिकडच्या अर्ज घ्यायच्या खिडकीशी उभा राही आणि म्हणे, आमच्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं, टेकडी, तिला फार आवडायचं, तेवढं वाजवाल का? त्याला नाही कसं म्हणणार? ताई वाजवत. आणि परत आल्यावर ‘टेकडी’ डावीकडून खोडून उजवीकडे लिहीत. घोडागाडीसुद्धा गेली. निरोपाला घोडागाडी कोण मागेल? पण एका ड्रायव्हरच्या बायकोनं मागितली. माणसं ज्या सुरांवर एकमेकांची झाली, तेच सूर घेऊन तिकडे जात.

ताईंचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. लेक आठ वर्षांची असताना तो गेला. वाजवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याच्या निरोपाला ताईच बसल्या. त्यांनी ‘होडी’ वाजवली, कारण त्या दोघांच्या लग्नात तीच वाजली होती. मग झाकण उचललं, पेन्सिल घेतली. शिपाई म्हणाला, ताई, आज राहू दे की. त्या म्हणाल्या, “उद्या दुपारी लग्न आहे. विसरायला होईल.”

त्या आठवड्यात बाई भेटायला आल्या. बाई म्हणजे ताईंना पियानो शिकवणाऱ्या गुरू. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत, आणि बाईही त्यांच्या पाठीमागे ‘चष्मेवाले’च म्हणत. ताईंचा वाजवायचा चष्मा काकांनीच बनवलेला. डोळ्यांपासून स्वरलिपीच्या पानापर्यंतचं अंतर त्यांनी स्वतः पट्टीनं मोजलं होतं. त्या चष्म्यातून तेवढंच अंतर स्पष्ट दिसे. त्याच्या अलीकडचं नाही, पलीकडचं नाही.

बाईंनी पिशवीतून चार पानं काढली. एका जुन्या संथ रचनेवरून बाईंनी स्वतःच्या लग्नासाठी ती बेतली होती आणि दुकानातल्या हिरव्या शाईनं लिहून काढली होती. तिची दुसरी प्रत नव्हती. दुसऱ्या पानावर, डाव्या हाताच्या ओळीत, एक सूर चुकून एक घर खाली लिहिला गेला होता. बाई त्यावर बोट ठेवून म्हणाल्या की चूक आहे, पण चष्मेवाल्यांना नेमकी तीच आवडते, तेव्हा तशीच वाजव. आणि मग म्हणाल्या, “ही दोन्ही याद्यांत घालू नकोस. लेकीच्या लग्नाला वाजव. तोवर हिला वारा लागू देऊ नकोस.”

तेवीस वर्षं ताईंनी त्या पानांना वारा लागू दिला नाही. लेकीच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे ज्या मोठ्या पाकिटात आला होता, त्या पाकिटात ती राहिली. डावीकडची यादी एकेचाळिसावरून पाचावर आली. साहेब कुरकुरले की ताई, लग्नाचा माल संपत आलाय, नवीन काही भरा. ताई नवीन भरत नसत. आणलेलं शेवटी जातं कुठे, ते त्यांना माहीत होतं. आपल्याकडे एक वस्तू अशी आहे जी अजून तिकडे गेलेली नाही, एवढ्यावर त्या सकाळी उठत आणि पियानोला खांदा लावत.

लेक इस्पितळात व्यायाम घेते. पडलेल्या, कापलेल्या, अर्धांग झालेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवते. एकतिसाव्या वर्षी तिनं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न ठरवलं. त्या दोघांचंही काम माणसांना वर न्यायचं, फक्त त्याचं जरा लवकर होतं, असं ती सांगे. मंगळवारी ती दोघं रीतसर ताईंसमोर त्या दोन खुर्च्यांवर येऊन बसली. ताईंनी पाचही रचनांना हात लावला नाही. पाकीट काढलं.

लेक म्हणाली की आई, खरं सांगू का, आम्ही स्पीकर लावणार आहोत. याच्या फोनवर गाणी आहेत. तू त्या दिवशी पुढे बस, आईसारखी. ताई म्हणाल्या, मी आईसारखीच बसणार आहे, पियानोपाशी. लिफ्टवाला म्हणाला की मला दोन्ही चालेल, आणि त्यावर मायलेकींनी त्याच्याकडे एकाच वेळी असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठून गेला.

“तुझी ती यादी बघितली ना आई, की मला आमचा वॉर्ड आठवतो,” लेक म्हणाली. “आज पलंगावर आहे, उद्या नाही. त्यातलं मला काही नको.”

“हे त्यातलं नाही. हे इथे कधीच वाजलेलं नाही. तुझ्यासाठी ठेवलंय.”

“मी ठेव म्हणाले होते का?”

ताई पाकिटाचा कोपरा सरळ करत बसल्या. लेकीनं थोडा वेळ ते पाहिलं आणि मग रुग्णाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली की बरं, वाजव, फक्त बावीस पावलांत आटप, मला उगाच दारात ताटकळवू नकोस.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, गुरुवारी सकाळी, चष्मेवाले काका तिकडच्या खिडकीशी आले. बाई पहाटे गेल्या होत्या. वर्षभर अंथरुणाला होत्या, शेवटचे दोन महिने बोलतही नव्हत्या. ताई दर रविवारी जाऊन बसत, त्यामुळे रडणं आधीच हप्त्याहप्त्यानं होऊन गेलं होतं. काकांनी दाढी केली होती आणि कानाखाली थोडा साबण राहिला होता. त्यांनी शुक्रवारची वेळ घेतली, अर्जावर सही केली. मग ताईंकडे वळले.

“ती चार पानं तुझ्याकडे आहेत ना? हिरव्या शाईची. ती वाजव. एकदाच.”

मधल्या वाटेत शिपाई दिवा पुसत होता. नऊ दिवस. शुक्रवारी ती पानं तिकडे वाजली, तर संपलं. मग त्याच सुरांवर लेकीला बावीस पावलं चालवायची? आपणच केलेला नियम आपणच मोडायचा? की स्पीकर लावू द्यायचा आणि पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसायचं? हे सगळं त्यांच्या मनात एका श्वासात आलं, आणि दुसऱ्या श्वासात त्या बोलून गेल्या.

“पानं नाहीत, काका. घर बदललं तेव्हा गेली. खूप शोधली.”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत संशय असता तर ताई कदाचित खरं बोलल्या असत्या. पण काका काहीतरी आठवत होते.

“अकरा वर्षांपूर्वी? तेव्हा कागदांचा खोका मीच उचलला होता की. जिन्यावर टेकवला होता मधे.” ते थांबले. “म्हणजे माझ्याकडूनच पडली असणार.”

ताईंनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पानं खोक्यात नव्हतीच. ती त्यांनी त्या मोठ्या पाकिटातच, छातीशी धरून नेली होती. पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, असू दे काका, आता काय त्याचं. काकांनी पहिले चार सूर गुणगुणून पाहिले, बेसूर, आणि विचारलं की नुसतं आठवून बसवता येईल का. ताई म्हणाल्या, आठवत नाही.

“मग जे आहे ते वाजव,” काका म्हणाले. “तिला आता काय कळणार आहे.”

शुक्रवारी ताईंनी ‘पाळणा’ वाजवला. तो उजवीकडे जाऊन बारा वर्षं झाली होती, त्यामुळे यादीत काही बदल करायची गरज पडली नाही. माणसं फार नव्हती. काका शेवटपर्यंत उभे होते, मान खाली, आणि त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात काहीतरी चाचपत होता, हरवलेलं शोधल्यासारखा.

रविवारी लेक त्यांना भेटून आली. घरी येऊन म्हणाली की काका लग्नाला येत नाही म्हणतात, मन नाही. आणि आई, ते काल आपल्या जुन्या घरी गेले होते म्हणे. खालच्या भाडेकरूंना विचारलं, वरच्यांना विचारलं, जिन्याखालचं अडगळीचं कपाटसुद्धा उघडायला लावलं. कुठले तरी कागद शोधत होते. कुठले गं?

ताई पंचा पिळत होत्या. म्हणाल्या, दुकानाचे असतील. पंचा कोरडा झाला तरी त्या पिळत राहिल्या. त्या रात्री आणि पुढच्या पाचही रात्री त्यांनी स्वतःशी एकच हिशोब जुळवून पाहिला: पानं दिली तीच मुळी लेकीसाठी, बाईंचाच शब्द तो, मग काकांचं ऐकायचं की बाईंचं? उत्तर दर वेळी ताईंच्याच बाजूनं येई. आणि दर वेळी त्याच्या तळाशी जिन्याखाली वाकलेला एक म्हातारा दिसे. शनिवारनंतर आपण काकांकडे जाऊ, पानं त्यांच्या हाती देऊ, काहीही सांगू, असं त्यांनी ठरवलं. कपाटात सापडली म्हणू. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू.

शनिवारी दुपारी लग्नाचं दालन भरलं. सकाळी तिकडे एक निरोप झाला होता आणि चार वाजता आणखी एक होता. मधे हे. मुलाकडची मंडळी डावीकडे, मुलीकडची उजवीकडे. साहेबांनी नवा टाय लावला होता आणि दोन्हीकडच्या ताई आज खरंच एकीकडच्या झाल्या असं दोन-तीन जणांना सांगून झालं होतं. ताईंनी चष्मा चढवला. त्या चष्म्यातून पानं स्वच्छ दिसली आणि बाकीचं दालन धुकं झालं.

पहिलं पान दार बंद असताना वाजवायचं होतं. त्यांनी ते वाजवलं. तेवीस वर्षं बोटांत दाबून ठेवलेले सूर इतके आज्ञाधारक निघाले, की त्यांना क्षणभर सगळं माफ असल्यासारखं वाटलं. पान उलटताना चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. दार उघडलं होतं. दारात लेक होती. तिच्या हाताला धरून कोणी आत आलं होतं आणि आता शेवटून दुसऱ्या ओळीत खुर्ची चाचपत बसत होतं. काका. लेकीनं वाटेत गाडी थांबवून त्यांना उचलून आणलं होतं. आईला आनंद होईल म्हणून.

दुसऱ्या पानाची पहिली ओळ संपली. चुकीचा सूर तिसऱ्या ओळीत होता. अजून एक ओळ हातात होती. तो सूर बरोबर वाजवला, एक घर वर, तर काका म्हणतील, तशीच काहीशी चाल आहे, पण ही ती नव्हे. दुसरी कुठली तरी प्रत असेल, मूळ रचना असेल. एका बोटाचा प्रश्न होता. ताईंनी ती ओळ सावकाश वाजवली. लेक सातव्या पावलावर होती. आणि बोट जिथे लिहिलं होतं तिथेच पडलं. खाली. बाईंच्या चुकीवर.

काका उभे राहिले.

ते सावकाश उठले, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून, आणि त्यांनी मान खाली घातली. एक आजीबाई त्यांच्या शेजारी होती. ती उठली. मग त्यांच्या पुढची ओळ उठली, मग मुलाकडची मंडळी, आणि पाहता पाहता सगळं दालन मान खाली घालून उभं होतं. कोणी कोणाला विचारलं नाही. साहेबही गोंधळून टेबलामागे उभे राहिले आणि त्यांनी टायकडे पाहिलं. शिंप्याच्या शेजारणीची, त्या उभ्या राहिलेल्या मावशीची गोष्ट ताईंच्या घरात शंभरदा हसून सांगितलेली होती. लेक दहाव्या पावलावर थांबली. तिनं उभ्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे. मग ती आपल्या रुग्णांना शिकवते तशी चालू लागली, आधी टाच, मग चवडा, आणि उरलेली बारा पावलं तिनं डोळे टेबलावर ठेवून पूर्ण केली.

ताईंनी चारही पानं वाजवली. मधे थांबायचं कसं, ते त्यांना कधी शिकवलेलं नव्हतं.

सह्या झाल्या. टाळ्या झाल्या, जरा बिचकत. फोटोवाला मंडळींना हारीनं उभं करत होता. काका गर्दीतून वाट काढत पियानोपाशी आले आणि त्यांनी हिरव्या शाईकडे बोट न लावता पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ताई रागाची वाट पाहत होत्या.

“म्हणजे माझ्याकडून पडली नव्हती,” काका म्हणाले. त्यांचा श्वास मोकळा झाला होता. “बरं झालं. मी आपला रोज तो जिना आठवत होतो.”

लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. रविवारचं बोलणं सहा दिवसांपूर्वीचंच होतं.

“आई, तू त्यांना काय सांगितलं होतंस?”

“अगं, काही नाही,” काका घाईनं म्हणाले, “म्हातारपणी मीच काहीतरी...”

“काका, तुम्ही थांबा. आई?”

लिफ्टवाला हाक मारत होता, फोटो राहिलाय म्हणून. वाटेच्या तोंडाशी शिपाई येऊन उभा होता. पावणेचार झाले होते. तिकडे माणसं जमली होती आणि पियानो न्यायचा होता. त्यानं नेहमीप्रमाणे पुढच्या बाजूला हात लावला आणि तो ताईंच्या खांद्याची वाट पाहू लागला.

ताईंनी झाकण उचललं. तपकिरी कागदाच्या डावीकडे पाच नावं होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि उजवीकडे, सगळ्यांत खाली, ‘चार पानं’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग त्यांनी पानं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती घेतली. ती परत करायची की ठेवायची हे न कळून ते ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ताईंनी चष्मा काढून पट्ट्यांवर ठेवला. त्याच्या वजनानं एकही सूर उमटला नाही.

“आई,” लेक पुन्हा म्हणाली.

शिपायानं विचारलं, “ताई, ढकलायचा ना?”

चष्म्याशिवाय दालन स्वच्छ दिसत होतं. रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या, हारीनं उभी मंडळी, टेबलावरचं उघडं रजिस्टर, आणि खुर्च्यांमधली ती बावीस पावलांची मोकळी जागा. ताई उठल्या. लेकीच्या बाजूनं, काकांच्या बाजूनं, शिपायाच्या पुढून त्या दारापर्यंत चालत गेल्या, दार ढकललं, आणि पियानो तिथेच सोडून बाहेर पडल्या.